गुरुवारच्या गावात कांदेपोहे

बार्शीहून छोटी गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर थालीपिठाच्या भाजणीचा डबा होता, पायाशी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी होती आणि समोरच्या बाकावर माझी भाची कुसुम खिडकीबाहेर बघत बसली होती. तिला पाहायला चिंचवडला माणसं येणार होती. रीतीप्रमाणे मुलाकडच्यांनी बार्शीला यायला हवं. पण मुलगा कंपनीत, रजा मिळत नाही, म्हणून मुलीनंच जायचं, असं दादानं, म्हणजे माझ्या भावानं, आणि चिंचवडच्या आमच्या चुलतभावानं, वसंतानं, पत्रापत्री करून ठरवून टाकलं. मला कुणी विचारलं नाही. फक्त ‘अक्का, तू बरोबर जा आणि खाण्याचं बघ,’ एवढं सांगितलं.

कुसुमला याआधी पाच-सहा ठिकाणची माणसं पाहून गेली होती. दर वेळी पोहे मी करायचे, बशा कुसुमनं आणायच्या आणि ‘सगळं मुलीनंच केलंय’ हे दादानं म्हणायचं. मग सगळं घर पोस्टमनकडे डोळे लावून बसायचं. कुणाला उंची जास्त वाटली, कुणाला मॅट्रिकच्या पुढं शिकलेलं खटकलं, कुणी कळवायची तसदीही घेतली नाही. दादानं हे मनाला इतकं लावून घेतलं होतं, की त्याचं जेवण निम्म्यावर आलं होतं. या खेपेला जमलंच पाहिजे, एवढं मला कळत होतं. आणि जमवण्यासाठी माझ्याकडे माझ्या हातच्या तिखटमिठाखेरीज दुसरं काही नव्हतं.

कुर्डुवाडीला गाडी बदलली, पुण्याला पुन्हा बदलली. शनिवारी दिवेलागणीला चिंचवड आलं. स्टेशनबाहेर एका अंगाला ज्वारीचं रान आणि त्याला लागूनच कारखान्याची लांबच लांब पत्र्याची शेड. पुन्हा थोडं रान, पुन्हा शेड. गाव कुठं संपतं आणि कंपनी कुठं सुरू होते, काही कळत नव्हतं. वसंताची खोली कामगारांच्या चाळीत होती. दोन खोल्या, एक वातीचा स्टोव्ह आणि भिंती अशा पातळ, की पलीकडचा खोकलाही आपल्याच घरातला वाटावा. वसंताची बायको मालू कामाला चपळ, पण स्वयंपाकघरात तिच्याकडे मोजून दोन कढया. मी मनात म्हटलं, होईल कसंतरी.

रविवारी पहाटेच उठले. कोथिंबीर वड्यांचं पीठ मळून वाफवायला ठेवलं. पोहे चाळून, निवडून, भिजवून ठेवले. तेवढ्यात बाहेर भोंगा झाला (कंपनीचा कर्णा, इथं घड्याळाकडे कुणी बघत नाही, याच्यावरच सगळं चालतं) आणि वसंता खाकी कपडे चढवून, डबा घेऊन निघाला.

‘‘अरे, निघालास कुठं? पाहुणे यायचेत ना?’’ मी विचारलं.

‘‘आज? आज रविवार आहे, अक्का.’’

‘‘म्हणूनच तर विचारते.’’

तो चपला घालता घालता थांबला आणि हसायला लागला. ‘‘अगं, इथं सुट्टी गुरुवारी असते. विजेची टंचाई आहे ना, म्हणून एकेका भागाला एकेक वार वाटून दिलाय. आमच्या वाट्याला गुरुवार आलाय. मी लिहिलं होतं की, सुट्टीच्या दिवशी येतील म्हणून.’’

सुट्टीचा दिवस म्हणजे रविवार, हे बार्शीत शेंबडं पोरही सांगेल. वार लिहायला याला काय धाड भरली होती, कोण जाणे. मी एवढा लांबचा प्रवास करून आले होते, पोहे भिजले होते आणि अख्खं गाव कामावर निघालं होतं. भिजलेले पोहे काही गुरुवारपर्यंत थांबत नाहीत. शेवटी फोडणीला घातले आणि मालूनं चाळीतल्या बायकांना हाका मारल्या.

तिथून पुढचे दिवस माझ्या डोक्याला ताप झाला. माझ्या हातच्या पोह्यांची बातमी चाळभर पसरली आणि रोज कुणी ना कुणी दारात उभी. या चाळीत प्रत्येक घरचा स्टोव्ह वेगळ्या वेळी पेटतो. कुणाचा नवरा फर्स्ट शिफ्टला (सकाळपाळीला), कुणाचा सेकंडला. माणूस भलत्याच वेळी भुकेजून घरी येतो आणि त्याला तेव्हाच्या तेव्हा काहीतरी तिखटमिठाचं पुढ्यात हवं असतं. त्यामुळं या बायकांचा प्रश्न एकच. ‘‘याला वेळ किती लागतो?’’ कोथिंबीर वडीचं पीठ मळा, वाफवा, गार होऊ द्या, मग कापा, मग तळा, असं मी सांगायला लागले की त्या एकमेकींकडे बघायच्या.

‘‘गार होईस्तोवर आमचे हे झोपून उठतील,’’ शेजारच्या कांबळे वहिनी म्हणाल्या.

कांबळे वहिनींचा नवरा वसंताच्याच कंपनीत होता. मंडळी बौद्ध, मूळची उस्मानाबादकडची, म्हणजे आमच्याच मुलखाला लागून. बाईचं बोलणं फटकळ. माझ्या थालीपिठाला त्यांनी ‘छान आहे, पण जाड आहे’ म्हटलं. वीस वर्षं थालीपीठ लावणाऱ्या बाईला जाड म्हणतात. वर मला घरी नेऊन फोडणीची भाकरी खायला घातली. शिळी ज्वारीची भाकरी हातानं बारीक कुस्करायची, त्यावर ताकाचा हबका मारायचा, लसूण खरपूस होईपर्यंत परतून लाल तिखट घालायचं, भाकरी टाकून झाकण ठेवायचं. एक वाफ आली की झालं. चव बरी होती, पण तिखट एवढं, की मी तांब्याभर पाणी प्याले. कुसुम मात्र दुसऱ्यांदा मागून घेत होती. हिला घरात पोळीबरोबर हिरवी मिरची चालत नाही आणि इथं ही बया लसणाच्या ठसक्यात हसत बसली होती. दुपारभर तिचा मुक्काम वहिनींकडेच असायचा.

बुधवारी मी कांद्याच्या मागं लागले. पिंपरीच्या बाजारात सगळीकडे नवा ओला कांदा. त्याला चिरताच पाणी सुटतं आणि खेकडा भजी (कांदा उभा चिरून, पाण्याचा थेंब न घालता, मीठ चोळून सुटलेल्या ओलाव्यातच बेसन कालवून करतात ती) मऊ पडतात. भजी कुरकुरीत झाली नाहीत तर पाहुण्यांपुढं ठेवायची कशाला? मालू म्हणाली, ‘‘जुना कांदा हवा तर चाकणला जावं लागेल.’’ ती सहज म्हणाली असेल, पण मी निघाले. नाशिक फाट्यावर एसटीसाठी ताटकळले. भोसरी गेलं, मोशीजवळ इंद्रायणी ओलांडली आणि कारखाने मागं पडून दोन्हीकडे नुसती शेतं लागली. हरभरा घाट्यांवर आलेला, थंडीचं ऊन अंगाला बरं वाटत होतं. चाकणचा भुईकोट रस्त्यावरूनच दिसला. एरवी मी आत जाऊन तट पाहून आले असते. पण डोक्यात कांदा.

अडतीत कांद्याचे ढीग होते आणि ढिगाशेजारी एक म्हातारे शेतकरी गोणपाटावर बसले होते. चिंचवडहून आलेय म्हणाले आणि अडीच-तीन किलो मागितले.

‘‘बाई, हितं आमी गोनीनं इकतो,’’ ते म्हणाले. ‘‘दोन-तीन किलो पिंपरीत न्हाई व्हय मिळत?’’

‘‘तिथला पाणीदार आहे. मला भज्यांना हवाय.’’

‘‘कार्य हाय का घरी?’’

‘‘भाचीला पाहायला येणार आहेत उद्या.’’

त्यांनी मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. ‘‘आन् त्यापायी तुमी चिंचवडासनं चाकणला आलायसा.’’ मग अर्धी गोणी बांधून दिली. कमी द्यायला तयारच नव्हते. ती अर्धी गोणी घेऊन परतताना एसटीत बसायला जागा नाही, कंडक्टर सामानाचं तिकीट काढा म्हणून मागं लागलेला, आणि भोसरीच्या अलीकडे गोणीचं तोंड सुटून कांदे अख्ख्या गाडीभर. लोकांनी पायांखालून वेचून दिले, हे खरं. पण प्रत्येकानं देताना ‘कार्य आहे का’ म्हणून विचारलं.

गुरुवार उजाडला. त्या दिवशी भोंगा झाला नाही. चाळ सुस्तावलेली, पुरुष माणसं दारात दात घासत उभी. मी सकाळपासून तळणीला बसले. भजी अशी उतरली, की मालूच्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्यामुळं असेल, पण आलं. पोह्यांना कांदा परतून ठेवला. वासानं सगळी चाळ भरून गेली होती.

मुलाकडची माणसं पुनावळ्याची. गावची जुनी घरं, थोडी शेती, मुलगा सायकलवर कंपनीत येतो. तो, त्याची आई आणि मामा अशी तिघं आली. मुलाचं नाव दत्तात्रय. उंच होता. कुसुमपेक्षा चांगला चार बोटं उंच. ते पाहून माझा अर्धा जीव भांड्यात पडला. आई नऊवारीतली, कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलायला मोकळी. बसल्याबरोबर दादाच्या तब्येतीची विचारपूस केली. मग कुसुमनं पोह्यांच्या बशा आणल्या, मागून मी भज्यांचं ताट घेऊन आले.

कुणीच हात लावला नाही.

‘‘आज गुरुवार न्हाई का,’’ आई अवघडून म्हणाल्या. ‘‘आमच्यात समद्यांचा उपास असतो, बाई. दत्ताचं करतो आमी.’’

मी ताट तसंच उचलून आत नेलं आणि वसंताला आत बोलावून घेतलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘मला काय ठाऊक, अक्का? कंपनीत तर हा सगळं खातो.’’ मी त्याला काय बोलले ते इथं लिहीत नाही. सुट्टी गुरुवारी म्हणजे पाहुणे गुरुवारी, पाहुणे गुरुवारी म्हणजे निम्म्या महाराष्ट्राचा उपास, हे या गावात राहणाऱ्या एका तरी माणसाला सुचायला हवं होतं. आणि मी चाकणहून कांदे आणत होते.

घरात बटाटे होते. बटाट्याचा कीस करायचा ठरवला. मालूनं ताजं तूप आणि शेंगदाण्याचं कूट काढलं. कुसुमनं बटाटे सोलून दिले, मी किसायला घेतले आणि स्टोव्ह फडफडून विझला. रॉकेल संपलं होतं. इतके दिवस मी तळत होते ना. रेशनचं रॉकेल यायला अजून अवकाश होता. ‘‘अगं बाई, स्टोव्ह विझला!’’ मी मोठ्यानं म्हटलं. कुसुमनं किसाची परात उचलली आणि ती मागच्या दारानं कांबळे वहिनींकडे गेली. मीही तिच्या मागं.

वहिनींनी स्टोव्ह पेटवून दिला. फळीवरची कोरी कढई काढली. ‘‘ही अजून वापरली नाही. कांदालसूण काही लागलं नाही हिला,’’ म्हणाल्या. मग दार जरा लोटून घेत माझ्याजवळ आल्या. ‘‘अक्का, कुठं केलं ते बोलू नका तिकडं. पुनावळ्याची जुनी माणसं आहेत. पोरीचं जमत असलेलं मोडायचं.’’

‘‘मी कशाला सांगतेय,’’ मी म्हटलं.

कुसुम ऐकत होती. तिनं कीस दोन पाण्यांतून धुतला, मुठीत घट्ट पिळला, तुपात जिरं आणि हिरवी मिरची टाकून वर सोडला. मी ‘हलव, लागेल’ म्हणत होते, ती हलवत नव्हती. ‘‘सारखं हलवलं की लगदा होतो, आत्या.’’ झाकण ठेवून दोन वाफा काढल्या आणि कीस शिजल्यावर मीठ, चिमूटभर साखर, कूट आणि लिंबू घातलं. मीठ आधी घातलं की पाणी सुटतं. हे मीच तिला कधीतरी शिकवलं असेल. शिकवलं होतं की नाही, आठवत नाही. कीस भाताच्या शितांसारखा मोकळा झाला होता.

बशा नेल्या. ‘‘सगळं मुलीनंच केलंय,’’ मी म्हणाले आणि हे वाक्य पहिल्यांदाच खरं होतं. आईंनी बशी हातात घेतली, बोटांनी कीस मोकळा करून पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. ‘‘छान उतरलाय गं. पर तुमचा स्टो इझला म्हनत व्हत्या ना आत? मग ह्ये कशावर केलं?’’

मी तोंड उघडलं. मालूच्या भावाचं घर, देवळामागची चूल, काहीतरी सुचलंच असतं.

‘‘शेजारी केलं,’’ कुसुम म्हणाली. ‘‘कांबळे वहिनींच्या घरी. कढईही त्यांचीच.’’

आईंचा हात बशीत तसाच राहिला. त्यांनी मामांकडे पाहिलं, मामांनी जमिनीकडे. मग त्यांनी बशी खाली ठेवली. आदळली नाही, अलगद ठेवली. ‘‘मग ऱ्हाऊ द्या,’’ म्हणाल्या. भिंतीपलीकडे कांबळे वहिनींच्या भांड्यांचा आवाज चालला होता, तो बंद झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि कुसुमचा असा राग आला, की सांगता सोय नाही.

दत्तात्रय खाली मान घालून आपला कीस खात होता. तो त्यानं संपवला. मग हात लांब करून आईची बशी ओढली आणि तीही खायला लागला.

‘‘दत्तू,’’ आई म्हणाल्या.

‘‘कांबळे आमच्याच शॉपमध्ये आहेत, आई,’’ तो म्हणाला. (शॉप म्हणजे कारखान्यातला विभाग.) ‘‘मशिनीच्या मागं एका बाकावर आम्ही चौघं डबे उघडतो आणि सगळे सगळ्यांच्या डब्यात जेवतो. कामाला लागल्यापासून. तू दिलेली भाकरी कांबळे खातात, त्यांची मी खातो.’’

‘‘कंदी बोलला न्हाईस.’’

आई पदर सावरून उठल्या. जाताना कुसुमच्या डोक्यावरून हात फिरवला, का ते मला अजून कळलेलं नाही. मामा नेहमीचं वाक्य बोलले. ‘‘कळवतो.’’

पाहुणे गेल्यावर मी कुसुमला फैलावर घेतलं. एवढ्या लांब आलो, इतके दिवस राहिलो, आणि एक घास पोटात जाईपर्यंत तुला तोंड मिटून राहता आलं नाही? वहिनींनी स्वतः सांगितलं होतं ना, बोलू नका म्हणून?

‘‘आत्या, उद्या मी त्या घरात गेले आणि वहिनी मला भेटायला तिथं आल्या,’’ ती म्हणाली, ‘‘तर त्यांना दारातच उभं करायचं का?’’

मी वळून मालूवर ओरडले, की रॉकेल संपत आलंय हे आधी सांगायला काय झालं होतं.

शुक्रवारी आम्ही निघालो. वसंता कामावर गेला होता. स्टेशनवर कांबळे वहिनी पोचवायला आल्या, आणि काल काही घडलंच नाही अशा थाटात मला सांगत होत्या, की भाजणीत उडीद जरा कमी घाला, थालीपीठ पातळ लागेल. तेवढ्यात फलाटावर दत्तात्रय दिसला. खाकी कपडे, हातात डबा. सेकंड शिफ्टला जाता जाता आला होता. त्यानं वहिनींना आणि मला नमस्कार केला.

‘‘आई कालपासून बोलत नाही माझ्याशी,’’ तो म्हणाला. ‘‘पण मामा म्हणाले, संसार तुला करायचाय, तू ठरव. माझी पसंती आहे. तेवढं सांगायला आलो.’’

मी मनातल्या मनात हात जोडले. इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकत होते. आता कुसुमनं नुसती मान खाली घालायची होती.

‘‘कामाला लागल्यापासून एकत्र जेवताय,’’ कुसुम म्हणाली, ‘‘मग घरी का नाही सांगितलंत?’’

‘‘कटकट नको म्हणून.’’

‘‘आणि काल का सांगितलंत?’’

त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला. ‘‘तुम्ही सांगितलंत म्हणून.’’

‘‘मी बोलले नसते तर?’’

‘‘तर नसतं सांगितलं,’’ तो म्हणाला. खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

कुसुमनं त्याच्याकडे नीट पाहिलं. पाहण्याच्या कार्यक्रमात तिला कुणाकडे मान वर करून पाहताना मी तरी बघितलं नव्हतं. ‘‘मला विचार करायला थोडे दिवस हवेत,’’ ती म्हणाली. ‘‘मग पत्र लिहीन.’’

‘‘लिहा,’’ तो म्हणाला. तेवढ्यात गाडी आली.

पुण्यापर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. दौंडला चहा घेतला तेव्हा बोलले, पण चांगलं बोलले नाही. पोरगा उंच आहे, कमावता आहे, मनात आहे ते खरं बोलतो, स्वतः होऊन स्टेशनवर आला. आणखी काय हवं या मुलीला? ती ऐकून घेत होती. कुर्डुवाडीच्या पुढं मीच दमले. खिडकीतून ज्वारीची रानं मागं जात होती आणि मला सारखी ती खाली ठेवलेली बशी दिसत होती. मी आयुष्यभर पाहुण्यांच्या पोटात शिरायचा रस्ता धरला. पोहे मऊ झाले, भजी कुरकुरीत झाली, की पोरीचं भलं होईल, असं मला मनापासून वाटत आलं. कुसुमला नेमकं त्याच बशीतून पाहुण्यांना काहीतरी विचारायचं होतं, आणि ते तिनं विचारलं. मला राग आला होता, तो अजूनही पुरता गेलेला नाही. पण ती चुकली, असं काही केल्या म्हणवेना.

बार्शीला पोचलो तेव्हा दादा ओट्यावरच बसला होता. कुसुम पाय धुवायला आत गेली. दादानं मला बसूही दिलं नाही.

‘‘काय झालं? कधी कळवणार आहेत?’’

‘‘कळवलंय त्यांनी. मुलाची पसंती आहे.’’

दादाचा उजळलेला चेहरा मला बघवेना. ‘‘मग पुढचं बोलायला कधी जायचं?’’

‘‘आता आपण कळवायचंय. कुसुम विचार करते आहे.’’

‘‘कोण?’’

‘‘कुसुम. ती पत्र लिहील मग.’’

त्यानं आतल्या अंगाला पाहिलं. मोरीवर पाणी ओतल्याचा आवाज येत होता. तो मला रागावेल, तिला हाक मारेल, असं वाटून मी पदर खोचला.

‘‘म्हणजे तोवर ती माणसं वाट बघत बसणार?’’ दादानं विचारलं. ‘‘आपल्या पत्राची?’’

‘‘हो.’’

त्यानं ओट्यावर पाय पसरले. मग म्हणाला, ‘‘बघू देत की जरा.’’